एनएसईपीची तयारी: आधी फॉर्म, मग पेपर, धडे त्याच्यानंतर

नोव्हेंबरात एनएसईपी (नॅशनल स्टँडर्ड एक्झामिनेशन इन फिजिक्स, म्हणजे फिजिक्स ऑलिम्पियाडची पहिली पायरी) झाली की त्याच संध्याकाळी फोन सुरू होतात. "दादा, पेपर गेला. सिलॅबसच पूर्ण झाला नव्हता ना." मी मुलुंडला घरीच अकरावी-बारावीच्या पाच-सहा पोरांना फिजिक्स शिकवतो आणि हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता रडगाणं ऐकून घेत नाही, सरळ सांगतो, उद्या पेपर घेऊन ये. मागे एकजण आली, बसून मोजलं. अठरा प्रश्न चुकले होते आणि त्यातले न शिकलेल्या धड्यांतले फक्त चार. बाकीचे चौदा शिकलेल्या, क्लासमध्ये दोनदा सोडवून झालेल्या धड्यांतले. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

म्हणजे सिलॅबस हे कारण असतं, पण छोटं. मोठी गडबड क्रमाची असते. सगळे जण आधी धडे, मग अजून धडे, मग कुणीतरी सांगितलेलं जाड पुस्तक, आणि वेळ उरला तर शेवटच्या आठवड्यात एखादा जुना पेपर असं करतात, आणि फॉर्म कधी भरायचा ते मित्राला विचारतात. मी खाली जो क्रम देतोय तो जवळजवळ उलटा आहे. जूनमध्ये सुरुवात करताय असं धरलंय. ऑगस्टमध्ये जाग आली असेल तरी क्रम हाच, फक्त प्रत्येक टप्पा आवळायचा.

टप्पा १: फॉर्म (कॉलेज भरेल या भरवशावर राहू नका)

परीक्षा घेते इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, म्हणजे आयएपीटी. नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते आणि परीक्षा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, म्हणून जुलैपासून दर सोमवारी आयएपीटीची साइट उघडून बघायची, दोन मिनिटांचं काम आहे.

मी बारावीत असताना आमच्या कॉलेजच्या ऑफिसात विचारायला गेलो तर "नोटीस लागेल" असं उत्तर मिळालं. नोटीस लागली खरी, पण मुदत संपल्यावर चार दिवसांनी. माझं ते वर्ष तिथेच संपलं. अकरावीवाल्यांचं तर अजूनच अवघड, कारण त्यांच्या अ‍ॅडमिशनच्या फेऱ्याच पावसाळाभर चालू असतात, कॉलेज कुठलं ते कळेपर्यंत गणपती येतात. आणि इंटिग्रेटेडवाली पोरं कागदावर एका कॉलेजात असतात नि बसतात क्लासमध्ये, त्यांना दोन्हीकडून कुणीच काही सांगत नाही.

फॉर्म भरताना तीन गोष्टी. जन्मतारखेची आणि इयत्तेची अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या सीनियरवर जाऊ नका. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर आहे तशीच टाका, कारण पुढे निकाल बघायला रोल नंबर आणि जन्मतारीखच लागते. आणि सेंटर निवडता येत असेल तर आपल्या लाइनवरचं घ्या. ठाण्याच्या मुलाने बोरिवलीचं सेंटर घेऊन सकाळी सकाळी दादरला गाडी बदलायची काही गरज नाहीये.

चेक: फॉर्मची पावती प्रिंट काढून फाइलमध्ये आहे का? फक्त मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट असेल तर अजून काम बाकी आहे.

टप्पा २: काहीही न शिकता एक पूर्ण पेपर

याला सगळी पोरं नाही म्हणतात. "दादा, काहीच येत नाही अजून, काय सोडवू?" अरे, कमी मार्क पडायलाच तर बसायचंय.

अलीकडच्या पेपरांचा साचा असा आहे: १२० मिनिटं, ६० प्रश्न, एकूण २१६ मार्क. पहिल्या भागात ४८ प्रश्न, एकच पर्याय बरोबर, बरोबरला ३ आणि चुकल्यावर १ वजा. दुसऱ्या भागात १२ प्रश्न, त्यात एक, दोन, तीन किंवा चारही पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर पर्याय भरले तरच ६, नाहीतर शून्य, पण वजा काही नाही. फार जुन्या पेपरांचा साचा वेगळा आहे, ते सरावाला चालतील, वेळ लावून बसायला नाही.

एक पेपर प्रिंट काढा, ओएमआरसारखा गोळ्यांचा कागद काढा, घड्याळ लावा, दोन तास बसा. मग प्रत्येक प्रश्नासमोर चारपैकी एक खूण करा. खात्रीने बरोबर आला तर 'ब'. अंदाजाने लागला तर 'तु', म्हणजे तुक्का. येत होता पण चुकला तर 'चु'. धडाच माहीत नाही तर 'न'.

'तु'ला 'ब' लिहायचा मोह होतो. आरशात बघून लिहा. आता 'न' किती ते बघा, तेवढंच काम टप्पा ३ चं आहे. 'चु' आणि 'तु' मिळून जे होतात ते टप्पा ४ आणि ५ चं. बहुतेकांचा दुसरा ढीग मोठा निघतो, पण त्यांचा सगळा वेळ जातो पहिल्या ढिगावर.

सावध: सगळ्यात नवीन तीन पेपर इथे वापरू नका. ते दिवाळीसाठी झाकून ठेवा, सोल्यूशनचे व्हिडिओसुद्धा बघू नका.

टप्पा ३: धड्यांचा क्रम, आणि स्टेट बोर्डवाल्यांची खास अडचण

नेटवर जी टाइमटेबलं फिरतात ती बहुतेक सीबीएसईच्या हिशोबाची असतात, "अकरावीत मेकॅनिक्स संपवा, बारावीत इलेक्ट्रिसिटी" वगैरे. आपल्या बोर्डाच्या पोरांनी ती जशीच्या तशी उचलली की गोंधळ होतो. बालभारतीच्या २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात रोटेशन, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स यांचे धडे नाहीत, ते २०२० च्या बारावीच्या पुस्तकात पहिल्या पाचात आहेत. उलट लेन्स-आरशांचं ऑप्टिक्स, जे सीबीएसईला बारावीत येतं, ते आपल्याकडे अकरावीतच उरकलेलं असतं, आणि बारावीच्या नोव्हेंबरपर्यंत साइन कन्व्हेन्शनसकट साफ विसरलेलं असतं.

म्हणून अकरावीत असाल तर कॉलेजची वाट न बघता रोटेशन आणि ऑसिलेशन्स स्वतः हातात घ्या, कारण त्याशिवाय मेकॅनिक्सचा अर्धा पेपर बंदच राहतो. न्यूटनचे नियम, एनर्जी, मोमेंटम पक्कं झालं की लगेच रोटेशन, मध्ये दुसरं काही घुसवू नका.

बारावीत असाल तर कॉलेज पुढून येतंय, तुम्ही मागून या. नोव्हेंबरपर्यंत कॉलेजात मॅग्नेटिझम, इंडक्शन, एसी सर्किट आणि मॉडर्न फिजिक्स झालेलं असेल याची काही खात्री नाही, आणि पेपरात ते सगळं असतं. जुलैत मॉडर्न फिजिक्स संपवा: फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, बोहरचं मॉडेल, रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी. छोटे धडे आहेत, आधीच्या धड्यांवर फार अवलंबून नाहीत, आणि प्रश्न बऱ्यापैकी सरळ येतात. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करंट, मॅग्नेटिक फील्ड, इंडक्शन, एसी याच क्रमाने, यात मात्र उड्या मारता येत नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकरावीचं ऑप्टिक्स परत उघडा, चार दिवस पुरतात.

आणि एक धडा जो सगळे पहिल्या दिवशी वाचून सोडून देतात तो म्हणजे मोजमाप आणि एरर. बोर्डाचं जर्नल कसं भरलं जातं ते आपल्या सगळ्यांना माहितीये, मागच्या बॅचच्या वहीतून. त्यामुळे पर्सेंटेज एरर हा प्रकार पोरांना फक्त सूत्र म्हणून माहीत असतो.

यावर माझा उपाय घरगुती आहे. दोरा घ्या, त्याला कुलूप बांधा, लांबी एक मीटर ठेवा आणि खिडकीच्या गजाला टांगा. एक झोका जाऊन यायला साधारण २ सेकंद लागतात. मोबाइलच्या स्टॉपवॉचने एकच झोका मोजा, पाच वेळा. आकडे १.८, २.२ असे नाचतील, कारण बोटाला दाबायला उशीर होतो, साधारण ०.२ सेकंदाची चूक धरा, म्हणजे १० टक्के. आता २० झोके एकदम मोजा. ४० सेकंदांत तीच ०.२ ची चूक, म्हणजे अर्धा टक्का. मग त्यावरून 'जी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं अ‍ॅक्सिलरेशन काढा. सूत्रात लांबी एकदा आणि वेळ वर्गात येते, म्हणून लांबीची १ टक्का आणि वेळेची १ टक्का चूक असेल तर 'जी'मध्ये जास्तीत जास्त ३ टक्के. एकदा कुलूप हलताना बघितलं की हा ३ कुठून आला ते परत पाठ करावं लागत नाही. (आई विचारेल कपाटाचं कुलूप कुठे गेलं, जुनं घ्या.)

चेक: धडा संपला असं कधी म्हणायचं? पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर त्यातली सूत्रं आणि प्रत्येक सूत्र कुठे चालत नाही हे लिहिता आलं तर. दुसरा भाग जमत नसेल तर धडा वाचून झालाय, संपलेला नाही.

टप्पा ४: प्रश्न सोडवण्याआधी पर्यायांकडे बघायची सवय

क्लासमध्ये शिकवतात ती पद्धत अशी की फ्री बॉडी डायग्रॅम काढा, समीकरणं मांडा, सोडवा, उत्तर पर्यायांत शोधा. ही पद्धत यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण दोन मिनिटांत एक प्रश्न अशा हिशोबात प्रत्येक वेळी ती परवडत नाही, आणि चुकलेली चिन्हं पकडायला दुसरं काहीतरी हाताशी लागतं.

उदाहरण घ्या. पुलीवरून दोरी, एका बाजूला एम१, दुसऱ्या बाजूला एम२, एम१ जड. पुली म्हणजे एकसारखी तबकडी, तिचं वस्तुमान पी, दोरी घसरत नाही. अ‍ॅक्सिलरेशन किती? पर्याय:

अ) (एम१ − एम२)जी / (एम१ + एम२ + पी/२)
ब) (एम१ − एम२)जी / (एम१ + एम२ − पी/२)
क) (एम१ + एम२)जी / (एम१ + एम२ + पी/२)
ड) (एम१ − एम२)जी / (एम१ + एम२ + २पी)

पेन टेकवायच्या आधी दोन प्रश्न विचारा. दोन्ही वजनं सारखी केली तर? काहीच हलायला नको. 'क' हलतो, कटाप. पुली रोडरोलरच्या चाकाएवढी जड केली तर? अ‍ॅक्सिलरेशन शून्याकडे जायला हवं. 'ब' मध्ये छेद आधी शून्य आणि मग चक्क उणे होतो, कटाप. राहिले 'अ' आणि 'ड', आणि इथे ही युक्ती संपते, कारण दोघंही दोन्ही परीक्षांत पास होतात. आता फिजिक्स लागणार: तबकडीचं मोमेंट ऑफ इनर्शिया वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले २, म्हणजे छेदात पी/२ येणार. उत्तर 'अ'. अर्धं मिनिट लागलं.

ही सवय अंगी लावायला रोज दहा प्रश्न असे करा की सोडवायचं नाही, फक्त पर्याय उडवायचे. युनिट जुळत नाहीत म्हणून, टोकाला नेलं की मोडतात म्हणून, आकडा वेडावाकडा म्हणून. मग सोडवून ताडून बघा. सुरुवातीला बरोबर पर्यायच उडवाल, होतं तसं.

कॅल्क्युलेटरचं पण इथेच सांगतो. अलीकडच्या पेपरांवर नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालेल असं छापलेलं असतं. जेईईची तयारी करणारी पोरं कॅल्क्युलेटरला हातच लावत नाहीत, बोर्डाची पोरं लॉग टेबलवर वाढलेली, मग परीक्षेच्या आदल्या दिवशी ताईचा इंजिनीअरिंगचा कॅल्क्युलेटर घेऊन येतात आणि तो निघतो रेडियन मोडमध्ये. जुलैपासून एकच कॅल्क्युलेटर, स्वतःचा, आणि सुरू केला की पहिलं काम साइन ३० टाकून ०.५ येतं का बघणं.

टप्पा ५: चुकांची वही

वहीत सोल्यूशन उतरवायचं नाही. मी ज्या वह्या बघतो त्यात पानंच्या पानं सुंदर अक्षरात उत्तरं असतात आणि ती परत कुणीही उघडत नाही. प्रत्येक चुकीला एक ओळ, आणि त्या ओळीत कुठल्या वळणावर गाडी चुकली एवढंच. "डायमीटर दिला होता, रेडियस धरला." "बॅटरी जोडलेली होती, चार्ज कायम धरला." "फ्रिक्शन लागतं तेवढंच येतं, मी जास्तीत जास्त टाकलं." "प्रश्नात 'चुकीचं विधान कोणतं' विचारलं होतं."

तीस-चाळीस ओळी झाल्या की तुमच्या चार-पाच ठरलेल्या खोड्या दिसायला लागतात. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, म्हणून दुसऱ्याची वही झेरॉक्स करून उपयोग नाही.

लोकलमध्ये प्रश्न सोडवायचा हट्ट करू नका, घाटकोपरला डबा भरला की वही छातीला चिकटते. लोकल ही वही वाचायला आहे, उभ्याने, एका हाताने.

टप्पा ६: वेळेचं गणित, आणि दुसऱ्या भागाची भीती

२१६ मार्कांपैकी ७२ मार्क शेवटच्या १२ प्रश्नांत आहेत. पेपरचा तिसरा हिस्सा. आणि बहुतेक पोरं तिथे पोचतात तेव्हा हातात दहा मिनिटं असतात, कारण पहिल्या भागातल्या एखाद्या प्रश्नाशी सात मिनिटं कुस्ती खेळलेली असते. तीन मार्कांसाठी.

मार्कांच्या प्रमाणात वेळ वाटला तर पहिल्या भागातल्या प्रश्नाला १०० सेकंद आणि दुसऱ्या भागातल्या प्रश्नाला २०० सेकंद मिळतात. म्हणजे ८० मिनिटं आणि ४० मिनिटं, बरोबर १२०. यातून गोळे भरायला आणि तपासायला वेळ काढायचाय, म्हणून मी पोरांना ७५ आणि ३५ सांगतो, १० मिनिटं हातची. ७५ मिनिटं झाली की पहिला भाग कुठेही असो, पान उलटायचं.

तुक्क्याचं गणित पण स्वतः करून बघा. पहिल्या भागात डोळे मिटून मारलं तर चारातून एकदा ३ मिळणार, तीनदा १ जाणार, सरासरी शून्य, म्हणजे नुसता वेळ आणि नशीब. एक पर्याय नक्की उडवता आला तर सरासरी एक तृतीयांश मार्क फायदा, दोन उडवले तर एक पूर्ण मार्क. म्हणून टप्पा ४. दुसऱ्या भागात वजा काहीच नाही, तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध येडेपणा.

दुसऱ्या भागात पोरं कशी मरतात त्याचं एक उदाहरण. कपॅसिटर बॅटरीला जोडलेलाच ठेवून प्लेट्समधली जागा पूर्ण भरेल असा डायइलेक्ट्रिकचा (म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या पदार्थाचा) स्लॅब हळूहळू आत सरकवला. विधानं अशी: प्लेट्सवरचा चार्ज वाढतो. साठलेली एनर्जी वाढते. स्लॅब आत ओढला जातो. बॅटरीने केलेलं काम एनर्जीच्या वाढीच्या दुप्पट असतं. पहिली दोन पटकन पटतात. तिसऱ्याला पोरगं थांबतं, एनर्जी वाढतेय तर स्लॅब ओढला कसा जाईल? आणि चौथं "जरा जास्तच होतंय" म्हणून सोडून देतं. खरं तर चारही बरोबर आहेत. व्होल्टेज बॅटरीने धरून ठेवलंय, त्यामुळे बॅटरी व्होल्टेज गुणिले वाढलेला चार्ज एवढं काम करते, त्यातलं निम्मं कपॅसिटरमध्ये साठतं आणि उरलेलं निम्मं स्लॅब ओढण्यात जातं. तीन गोळे भरून आलात तर मिळाले शून्य.

सावध: "चारही कसे असतील" असं मनात आलं की ते फिजिक्स नाही, ती सवय बोलतेय. प्रत्येक विधान सुटं, बाकीचे तीन झाकून, खरं की खोटं.

टप्पा ७: दिवाळीची सुट्टी

कॉलेज बंद, परीक्षा तोंडावर, घरात फराळ. झाकून ठेवलेले तीन पेपर आता काढा. एक दिवस पेपर, दुसरा दिवस फक्त त्याची चिरफाड, परत तीच चार अक्षरं. पेपर हॉल तिकिटावरच्या वेळेलाच सोडवा, रात्री अकराला नाही. या दिवसांत नवीन धडा उघडायचा नाही, कितीही खाजवलं तरी.

चेक: जूनच्या पेपरातले 'चु' आणि आत्ताचे 'चु' शेजारी ठेवा. मार्क वाढले पण 'चु' तेवढेच असतील तर वही वाचली जात नाहीये.

टप्पा ८: परीक्षेचा दिवस

परीक्षा रविवारी असली तर मेगाब्लॉक. शनिवारी रात्रीच बघून ठेवा कुठल्या मार्गावर आहे, जाताना नसला तरी लागोपाठ दुसरा विषय देऊन परतताना सापडतो. निळा किंवा काळा बॉलपेन दोन, जेल पेन नाही. घड्याळ साधं काट्याचं, स्मार्टवॉच घरी.

रोल नंबरचे गोळे पहिल्या मिनिटात भरा आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचा. उत्तरांचे गोळे शेवटी एकदम भरायला ठेवू नका, तसंच प्रत्येक प्रश्नागणिक कागद फिरवण्यातही वेळ जातो. पेपरच्या एका पानावरचे झाले की तेवढे भरायचे. प्रश्न सोडला असेल तर त्याच्या नंबरला पेपरवर मोठा गोल करा, नाहीतर तेविसाव्याचं उत्तर बाविसाव्यात आणि मग पुढची सगळी गाडी एका डब्याने मागे.

निघताना प्रश्नपत्रिका आणि ओएमआरची आपली कॉपी घेऊन या.

टप्पा ९: सोमवारपासून

आन्सर की आली की त्या कॉपीवरून मार्क मोजा, एखाद्या उत्तराला हरकत घ्यायची असेल तर मुदतीत घ्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे कटऑफ बघणं बंद करा.

पुढची पायरी आयएनपीएचओ, म्हणजे इंडियन नॅशनल फिजिक्स ऑलिम्पियाड, साधारण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. ती मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतं आणि तिथे गोळे नसतात, पूर्ण उत्तर लिहावं लागतं. ज्यांचा नंबर लागतो त्यातले बरेच जण निकालाची वाट बघत डिसेंबर घालवतात, मग जानेवारीत जेईईचं सत्र आणि कॉलेजची प्रॅक्टिकल्स एकदम अंगावर येतात. दोन वर्षं फक्त पर्याय निवडलेल्या हाताला एका प्रश्नाची सलग दोन पानं लिहिणं जमत नाही, पेन अडतं. केंद्राच्या साइटवर जुने पेपर सोल्यूशनसकट आहेत. एक डाउनलोड करा, पहिला प्रश्न घ्या, आकृती काढा, काय गृहीत धरलं ते लिहा आणि उत्तर शेवटपर्यंत शब्दांत लिहून काढा. मग ते कागद अशा मित्राला द्या ज्याने तो प्रश्न पाहिलेला नाही, आणि त्याला कुठे कळत नाहीये ते गप्प बसून ऐका.